अल्टरनेटरची मोटर: झटक्यांवर सापडलेला उपाय

जुन्या गाडीचा १२ व्होल्टचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) मोटर म्हणून चालवायचा, म्हणून तो उघडून आधी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) काढून टाकले. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर गुंडाळीच्या, तीन तारा बाहेर घेतल्या; ब्रशच्या, म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांच्या, दोन तारा वेगळ्या ठेवल्या. तीन तारा ई-बाइकच्या ब्रशलेस कंट्रोलरला जोडल्या आणि ब्रशमधून रोटरला डीसी दिला. रोटरमध्ये कायमचं चुंबक नसतं, त्यामुळे फील्डचा, म्हणजे रोटरला चुंबक बनवणारा, प्रवाह आधी सुरू करायचा, कंट्रोलर नंतर. हा क्रम मी एकदा उलटा केला, तेव्हा शाफ्ट जागचा हलला नाही आणि तारा मात्र तापल्या.

क्रम सुधारल्यावर मोकळा शाफ्ट छान फिरला. भार ओढणारा पट्टा चढवला की नुसते झटके! सेन्सर नसलेल्या कंट्रोलरला रोटर कुठे आहे हे विरोधी व्होल्टेजवरून (रोटर फिरताना स्टेटरच्या तारांत उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून) कळतं, आणि थांबलेल्या रोटरमधून ते मिळतच नाही.

मग चुंबक ओळखून रोटरची जागा सांगणारे तीन हॉल सेन्सर बसवायचं ठरवलं. माझ्या रोटरला १२ ध्रुव, म्हणजे ६ जोड्या. सेन्सर एकमेकांपासून १२० विद्युत अंशांवर हवेत (ध्रुवांची एक जोडी पुढे सरकली की ३६० विद्युत अंश); १२० भागिले ६, म्हणजे शाफ्टवर २० अंश. स्टेटरला ३६ खाचा, प्रत्येक १० अंशांवर. म्हणून एक खाच सोडून एक अशा तीन खाचांच्या तोंडाशी सेन्सर इपॉक्सीने चिकटवले. रोटर त्यांना घासत नाही ना, हे हाताने फिरवून पुन्हा पुन्हा तपासलं. सेन्सरवाला कंट्रोलर जोडला, तारांची अदलाबदल करून योग्य जोडणी शोधली, आणि भार असलेल्या पट्ट्यासकट मोटर अलगद फिरू लागली. तो क्षण फार सुखाचा होता.

फील्ड कमी केलं की वेग वाढतो, जोर घटतो. कमी वेगात आतला पंखा पुरत नाही, म्हणून बाहेरून वेगळा पंखा लावला आहे.