पिकअपमध्ये फिफ्थ व्हील हिच घरीच बसवली, माझा अनुभव

आम्ही टेक्सासला राहतो, रिटायर झाल्यावर मोठा कॅम्पर ट्रेलर घेतला आणि तो ओढायला पिकअपमध्ये फिफ्थ व्हील हिच (ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा) मी आणि मुलाने दोन दिवसांत घरासमोरच बसवली. ही हिच मागे बंपरखाली नाही, ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात लागते, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे, कारण ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार तिच्यावर येतो आणि तो अ‍ॅक्सलच्या मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात.

गडबड झाली ती बेडच्या तळाला होल पाडताना. मी वरून टेपने माप घेऊन पहिलं होल पाडलं आणि ते खालच्या ब्रॅकेटशी (हिचला ट्रकच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी तुकडा) जुळेचना, अर्धा इंच सरकलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा उलटं करू. मग ब्रॅकेट आधी चासीला, म्हणजे त्या सांगाड्याला, सैलसर लावले, खालून बारीक होल वर काढलं, वरून मोठं केलं, आणि सगळं बरोब्बर बसलं. चुकलेल्या होलात रबरी बूच लावलं. ड्रिल लावण्याआधी खाली झोपून डिझेलची लाइन, ब्रेकची लाइन, वायरिंग कुठून जातंय ते बघाच, आमची एक वायर होलापासून दोन बोटांवर होती, ती बाजूला बांधून घेतली.

कापलेल्या कडांना गंज लागू नये म्हणून रंग मारला. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळले, मॅन्युअलमधल्या आकड्याला. ट्रेलर जोडल्यावर त्याचे पाय जमिनीवरच ठेवून, ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघितला, ट्रेलरची पिन पकडणारा हिचचा जबडा घट्ट! पहिल्या ट्रिपनंतर परत तपासलं तर दोन बोल्ट अजून थोडे आवळले गेले.