होडीवर ताडपत्री टाकताना या चुका टाळा

हतनूरच्या जलाशयात, गिरणा धरणावर किंवा नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यात ज्यांची छोटी होडी आहे, त्यांची पहिली चूक दुकानातच होते. "गळणार नाही ना?" एवढंच विचारून ताडपत्री घेतली जाते. आपल्याकडे होडी पावसापेक्षा उन्हानं जास्त खराब होते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पाणी मागे हटतं आणि होडी काठावर तापत पडते. म्हणून दुकानदाराला आधी यूव्ही प्रक्रियेचं, म्हणजे ताडपत्री उन्हात टिकावी म्हणून केलेल्या प्रक्रियेचं विचारा, गळतीचं नंतर.

स्वस्तातली पातळ निळी ताडपत्री उन्हाळा काढते न काढते तोच कडक होते. दुमडलेल्या जागी बोटानं दाबली तर टरकते. जाड, चंदेरी-काळी घ्या. २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खाली उतरू नका, आणि चंदेरी बाजू वर ठेवा. कलिंगडाच्या वाफ्यावरून उरलेला मल्चिंग पेपर होडीवर ताणणारेही आहेत. तो २५-३० मायक्रॉनचा. पहिल्याच वावटळीत त्याच्या पट्ट्या होतात.

माप घेताना होडीची फक्त लांबी-रुंदी मोजू नका. फीत एका काठाच्या खालून, मधल्या उंच भागावरून, दुसऱ्या काठाच्या खालपर्यंत न्या. मागे इंजिन असेल तर तेही मोजा. कडेला वीतभर कापड खाली लोंबलं नाही, तर पाऊस थेट आत वळतो.

सगळ्यात महागात पडते ती सपाट ताणलेली ताडपत्री. मधे झोळ पडतो, झोळात पाणी साचतं. एक मीटर लांब-रुंद जागेत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन! आयलेट, म्हणजे दोर ओवायच्या कडेच्या कड्या, उपटतात, फळ्या वाकतात, कधी सगळं पाणी आत कोसळतं. यावर इलाज शेतातच आहे: ठिबकच्या जुन्या जाड पाइपाच्या कमानी करा, किंवा केळीला टेकू देतो तसला बांबू मधोमध आडवा टाका. बांबूच्या टोकांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर ताडपत्री तिथेच घासून फाटेल. होडी जमिनीवर असेल तर तळाचं बूच काढून ठेवा.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे होडी गच्च बांधून टाकणं. खालच्या ओलीची वाफ आत कोंडते, बुरशी धरते, फायबरच्या रंगावर फोड येतात. पुढे आणि मागे हातभर जागा हवेसाठी मोकळी सोडा. पेट्रोलची टाकी आत ठेवूच नका, आणि झाकण काढल्यावर जरा वारा खेळू दिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. लाकडी होडीचं गणित उलटं आहे. ती फार सुकली की फळ्या आक्रसून सांधे उघडतात, म्हणून उन्हाळ्यात तिच्या तळाशी ओली पोती टाकून वर नुसती सावली करावी.

बांधणीत लोक खुंट्या ठोकतात. उन्हाळ्यात चालतं. पण हतनूरला तापी आणि पूर्णा दोन्हींचं पाणी येतं, ४१ दरवाजांच्या हिशेबानं पातळी वर-खाली होते. पाणी चढलं की होडी उचलली जाते आणि खुंटीला जखडलेली ताडपत्री फाटते. दोर होडीच्या पोटाखालून घेऊन होडीलाच बांधा. होडीचा मुख्य दोर वेगळा, काठावर उंच झाडाला. आयलेट आणि दोराच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. मृगाच्या आधीच्या वादळात केळी आडव्या होतात तेव्हा हीच पट्टी झटके खाते आणि आयलेट वाचतं.

टेम्पोवरून होडी नेताना हीच ताडपत्री वर राहू देऊ नका, फडफडून चिरते. ओली असताना घडीही घालू नका. आणि बरेच दिवस झाकून ठेवलेली होडी उघडताना आधी काठीनं कड उचलून आत बघा. सावलीला विंचू येतो, उंदीर येतात आणि उंदरामागे साप.