उन्हाळी नांगरटीआधी ट्रॅक्टरचे कूलंट आणि डिझेल तपासा

रब्बीची पिके निघाली की रोहिणीच्या आत नांगरट उरकायची घाई असते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि नेमके त्याच दिवसांत ट्रॅक्टर पलटी नांगर ओढत असतो. अशा वेळी इंजिन गरम होऊन हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पातळ पॅकिंग) उडाले की काम थांबतेच, शिवाय पेरणीच्या तोंडावर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो.

सर्वांत आधी एक सवय सोडा: रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे. बंबाच्या आत जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनच्या पाणीमार्गात धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. साध्या पाण्याने गंजही चढतो. पाण्यात बसणाऱ्या लायनरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला) बाहेरून बारीक खड्डे पडत जातात; ते आरपार गेले की पाणी थेट ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले, तर इंजिन चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलेच कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वापरा. सहसा निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी असे मिश्रण चालते. ते साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि रेडिएटरच्या झाकणातील दाबामुळे ही मर्यादा आणखी वर जाते. म्हणून झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर झाकण बदलाच. तयार मिश्रण घेतले असेल, तर त्यात पाणी घालू नये. नुसते कूलंट भरणेही चूक, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) काढून टाकायचा सल्ला गावोगावी मिळतो. तो अजिबात ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. तापण्याचे खरे कारण बहुतेकदा समोरच असते: भुसा-धुळीने बुजलेली रेडिएटरची जाळी किंवा सैल फॅन बेल्ट. जाळी रोज साफ करा, हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलाच, तर नांगर उचला, गिअर काढा आणि इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवा. बेल्ट तुटला असेल किंवा कूलंट वाहून गेले असेल, तर मात्र ताबडतोब बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका. वाफेने चेहरा, हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

आता डिझेल. शेतावर ड्रम ठेवत असाल तर तो सावलीत, किंचित तिरका ठेवा. भरल्यावर एक दिवस हलवू नका. गाळ आणि पाणी तळाशी बसते. उपसताना पंपाची नळी तळापासून चार बोटे वर राहू द्या. गॅल्व्हनाइज्ड पिंप नको, डिझेलमध्ये जस्त उतरून नोझल आणि फिल्टर खराब होतात. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतील दमट वाफेचे पाणी होते. पावसाळा जवळ येईल तसा हा त्रास वाढतो. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा पूर्ण काढा, नाहीतर इंजिन एअर धरते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकते.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. यांतील कॉमन रेल इंजेक्टरला (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या नोझलला) बारीक धूळ किंवा थेंबभर पाणीही सोसत नाही, आणि ते महाग असतात. अशा ट्रॅक्टरमध्ये रॉकेल मिसळलेले डिझेल तर कधीच घालू नका.

बदललेले जुने कूलंट बांधावर ओतू नका. ते विषारी असून चवीला गोड लागते, त्यामुळे कुत्रे, शेळ्या, वासरे ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून सर्व्हिस सेंटरला द्या.