ॲडासवाली गाडी घेताय? आधी काचेचं विचारा

माझी मावसबहीण दसऱ्याला गाडी घेतेय. ॲडास, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून इशारा देणारी आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक-स्टिअरिंग हाताळणारी यंत्रणा, असलेलं टॉप मॉडेल घेऊ की एक पायरी खालचं, असं तिनं विचारलं. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. दोन वर्षांपूर्वी मी अशीच गाडी घेतली तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

तो प्रश्न असा: पुढची काच बदलावी लागली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवणं, कोण करणार, कुठे करणार आणि त्याचे पैसे कोण भरणार? कागदावर सगळ्यात वर हे लिहा. बाकीचं त्याच्या खाली.

शोरूममध्ये जायच्या आधी फुकटचं काय आणि जादाचं काय, हे वेगळं करा. एबीएस, मागचे पार्किंग सेन्सर, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वाजणारा इशारा हे कायद्यानेच आहे, त्याचं कौतुक ऐकत बसू नका. खालच्या मॉडेलमध्ये ईएससी आणि सहा एअरबॅग आहेत का ते मात्र बघा. ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की ईएससी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सावरते. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतंच. हे नसेल तर ॲडासचा विचारसुद्धा करू नका.

मग पैसे. ॲडास बहुतेक वेळा एकटं मिळत नाही, सनरूफ आणि थंड हवेच्या सीटसोबत गळ्यात पडतं. फरक एक्स-शोरूमचा धरू नका, ऑन-रोडचा धरा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के, तोही पूर्ण किमतीवर. समजा एक मॉडेल ९ लाख ८० हजारांचं आणि वरचं ११ लाख ३० हजारांचं. दीड लाखाचा फरक दिसतो, पण टॅक्स १ लाख ७ हजार ८०० वरून १ लाख ३५ हजार ६०० वर जातो. म्हणजे २७,८०० आणखी. वर विमा आणि कर्जाचं व्याज.

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित, तुमचे रस्ते. एक आठवडा कुठे कुठे गाडी चालवता ते खरंखुरं लिहून काढा. माझं होतं ठाण्यातल्या मानपाड्याहून नवी मुंबईतल्या महापेला, रोज. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात लेन कितीदा सरकल्या, पट्टे कितीदा पुसले गेले. पट्टा दिसला नाही तर गाडीला लेनमध्ये ठेवणारं लेन असिस्ट काम करत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत ते ठरावीक वेगाच्या खाली सुरूच होत नाही. माजिवड्याच्या गर्दीत तो वेग कुठून आणणार? पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ॲडॅप्टिव्ह क्रूझचंही तेच. पुढच्या गाडीशी सुरक्षित अंतर सोडलं की त्यात रिक्षा घुसते, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न वाजवतो. पण महिन्यातून दोनदा पुण्याला एक्सप्रेस वेने जात असाल, किंवा भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढून थेट नागपूरकडे, तर हेच क्रूझ पाय आणि डोकं दोन्हींचा थकवा खरोखर कमी करतं. गिअर हाताने टाकायची गाडी असेल तर वेग फार कमी झाल्यावर ते सुटतं, हे लक्षात ठेवा.

शहरातल्या माणसाने माझ्या मते दोन गोष्टींना पैसे द्यावेत. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेचा इशारा, कारण तीन हात नाक्याला डावीकडून येणारी बाइक आरशात दिसेपर्यंत दाराशी आलेली असते. आणि आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक, कारण तो आयुष्यात एकदा जरी वेळेवर लागला तरी वसूल. ३६० कॅमेरा सोसायटीच्या पोडियम पार्किंगसाठी छान, पण तो ॲडासशिवायही मिळतो. जाहिरातीत ॲडासला लेव्हल २ म्हटलं म्हणजे गाडी स्वतः चालते असं नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या गल्लीत घेऊ नका. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वेळेला घ्या, जमलं तर पावसात, रात्री. इशारे बंद करायला किती वेळा स्क्रीन दाबावी लागते बघा. मग गाडी बंद करून पुन्हा चालू करा आणि बंद केलेलं परत चालू झालंय का तेही बघा. ज्या गाडीचा कर्कश आवाज सहन होत नाही तिचं ॲडास महिन्याभरात कायमचं बंद होतं, मग पैसे गेलेच.

आणि काच. जूनमध्ये गायमुखच्या चढाला पुढच्या डंपरच्या चाकातून खडी उडाली आणि काचेला कोपऱ्यातून भेग गेली. शनिवारी एका काचवाल्याकडे बदलून घेतली, दोन तासांत काम झालं, डॅशबोर्डवर दिवा पेटला नाही, म्हणून सगळं ठीक समजले. तीन महिन्यांनी पुण्याला निघालो. खालापूरच्या अलीकडे गाडी लेनच्या मधोमध असताना स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मागे दोन्ही मुलं झोपलेली. मी घट्ट धरलं, लेन असिस्ट बंद केलं आणि तशीच पुण्याला पोचले. तिथे सर्व्हिस सेंटरवाल्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, काच बदलल्यावर कॅलिब्रेशन केलं होतं का?’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

कॅमेरा आरशामागे काचेला चिकटून असतो. नवी काच, कॅमेरा धरणारा ब्रॅकेट केसभर तिरका, तर नजर तिरकी. एका अंशाची चूक ५० मीटरवर ८७ सेंटिमीटर होते, म्हणजे शेजारच्या लेनमधली बाइक तुमच्या लेनमध्ये दिसू शकते किंवा तुमच्या पुढची दिसणारच नाही. हे जुळवायला काही गाड्यांना सपाट जागा आणि ठरावीक अंतरावर उभा केलेला नक्षीचा फलक लागतो, काहींना यंत्र जोडून स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर फिरवावं लागतं. सगळ्या वर्कशॉपकडे ही सोय नसते. ठाण्यात परत आल्यावर मला अकरा दिवस थांबावं लागलं. काचेचे पैसे विम्याने दिले होते, कॅलिब्रेशनचे मी भरले. ते तीन महिने ब्रेक आपोआप लागेल या भरवशावर मी मुलांना शाळेत सोडत होते, याचा विचार आजही अंगावर येतो.

म्हणून विचारा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नेमक्या कुठल्या वर्कशॉपमध्ये कॅलिब्रेशन होतं, किती दिवस लागतात, मूळ कंपनीच्या काचेची किंमत काय, कॅलिब्रेशनचा दर काय. तोंडी नको, मेलवर घ्या. विमावाल्यालाही वेगळं विचारा. झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) आहे म्हणजे झालं असं नाही, काचेसोबत कॅलिब्रेशनची मजुरी मिळते का, हे त्याच्याकडूनही लेखी घ्या. सेल्सवाला ‘होऊन जाईल’ म्हणाला तर उठा.

बंपरचंही असंच. पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार पुढच्या जाळीत किंवा लोगोमागे असतं, ब्लाइंड स्पॉटचे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत. नाक्यावरच्या पेंटरने लांबी (पुट्टी) भरून जाड रंग मारला तर रडारला अडथळा. मागचा बंपर काढला-बसवला तरी कॅलिब्रेशन विचारा.

डिलिव्हरीच्या दिवशी: फास्टॅग आणि सोसायटीचा स्टिकर कॅमेऱ्यासमोर चिकटवू देऊ नका, डॅशकॅमही बाजूला. बंपरपुढचा लोखंडी क्रॅशगार्ड नको, तो बेकायदाच आहे. झेंडूचा हार पूजा झाली की जाळीवरून काढा. मॅन्युअलमधलं सेन्सरचं पान वाचा. आणि कॅलिब्रेशनचा मेल आला नसेल तर उरलेले पैसे भरू नका.