बकऱ्याचं दिल, दोन बालद्या आणि मानशीची फळी

मटणाच्या दुकानात जाऊन ‘काळीज द्या’ म्हणू नका. दहावीच्या वर्गात बकऱ्याचं हृदय कापून दाखवायचं होतं, आणि माझी पहिली खेप त्यापायीच फुकट गेली. पणजी मार्केटात मी चांगल्या मराठीत काळीज मागितलं, दुकानदाराने चॉकलेटी रंगाचा लिबलिबीत तुकडा पिशवीत टाकला आणि मी तो रायबंदरच्या फेरीबोटीतून चोडणला घेऊन आले. वर्गात पिशवी उघडताच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, ही तर कलेजी!’ तोंडात काळीज म्हणजे हृदय असलं तरी दुकानात त्याचं यकृत होतं. पुढच्या वेळी मटणवालाच हसून म्हणाला, ‘दिल चाहिए तो दिल बोलो ना.’

तर दिल मागा, आणि अख्खं मागा. खाटीक सवयीने त्याला चीर देऊन रक्त काढून टाकतो आणि वरच्या नळ्या छाटतो. आपल्याला नेमक्या नळ्याच हव्या असतात. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा की चीर नको आणि वरच्या नळ्या बोटभर ठेव. एकाऐवजी दोन घ्या, एक फाटतंच. आणि पंचांग बघून जा. दहावीचा हा हृदयाचा धडा पावसाळ्यात येतो, त्यात श्रावण. आमच्या घरात श्रावणात मटणाची पिशवी उंबरठा ओलांडत नाही, त्यामुळे मी हा कार्यक्रम श्रावणाआधी उरकते. तेव्हा जमलं नाही तर थेट चवथ झाल्यावर.

हा खटाटोप का, तर आमची बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. दहावीत त्यांना ‘व्हेंट्रिकल’चं, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याचं, स्पेलिंग येतं, पण ते बोटाला कसं लागतं ते माहीत नसतं. तुमच्या घरी असं मूल असेल तर एक रविवार सकाळ काढा.

स्टीलची परात, टोकदार लहान कात्री, हातमोजे, मोठी बिनसुईची सिरिंज आणि खराट्याच्या चार हिरी एवढं पुरे. दिल नळाखाली धरून हलक्या हाताने दाबत राहा. नळ्यांतून काळपट गुठळ्या बाहेर पडतील. इथे मूल हमखास विचारतं, ‘यात निळं रक्त कुठलं?’ कुठलंच नाही. पुस्तकातल्या चित्रात निळा रंग सोयीसाठी असतो. प्राणवायू उतरलेलं रक्त गडद लाल, भरलेलं रक्त भडक लाल, एवढाच फरक. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात ती कातडीतून येणाऱ्या उजेडाची करामत.

आता डावं-उजवं. डोळ्यांनी ओळखत बसू नका, दोन्ही बाजू अंगठ्याने दाबून बघा. एक बाजू मऊ, आत दबणारी. दुसरी कच्च्या पेरूसारखी घट्ट. घट्ट ती डावी. उजव्या बाजूला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं, डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. नंतर कापाल तेव्हा पट्टी लावून भिंती मोजा. डावी भिंत उजवीच्या दुपटी-तिपटीने जाड भरेल. माणसाचंही असंच असतं.

वर जी जाड, पांढरट, रबरासारखी नळी आ वासून उभी राहते ती महाधमनी. दिल उभं धरा आणि सिरिंजने तिच्यात पाणी सोडा. पाणी खाली न जाता नळीतच तुंबतं. मग खूप हळू उतरायला लागतं, त्याचं कारण पुढे येईल. आता वरचा डावा कप्पा, तो कानाच्या पाळीसारखा लुळा भाग, कात्रीने काढून टाका. खाली भोक दिसेल. त्यातून खालचा कप्पा पाण्याने भरा आणि दिल मुठीत घेऊन दाबा. भोकाच्या कडेला लोंबणारे पातळ पडदे फुगून वर येतात, एकमेकांना चिकटतात, आणि पाणी महाधमनीतून उडतं. लांब उभे राहा. माझ्या एका साडीवर त्याचा डाग अजून आहे.

हे बघताना मला आजोबांची मानस आठवते. ज्यांनी खाजण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला बांध असतो आणि त्या बांधाच्या पोटात मानस, म्हणजे लाकडी चौकटीला वरून टांगलेल्या फळ्या. भरती आली की नदीचं पाणीच फळीला चौकटीवर दाबून धरतं आणि वाट बंद होते. ओहोटी लागली की शेताकडचं पाणी फळी ढकलून नदीत निघून जातं. फळीला हात कुणी लावत नाही. हृदयातल्या चारही झडपा अशाच. त्यांना स्वतःचा स्नायू नाही, मेंदूचा हुकूम नाही. ज्या बाजूचा दाब जास्त, त्याप्रमाणे त्या उघडतात किंवा मिटतात. रक्त एकाच दिशेने का जातं, या प्रश्नाला ‘हृदय ढकलतं म्हणून’ हे अर्धंच उत्तर आहे. नुसती मूठ दाबली तर पाणी दोन्हीकडून उडेल. दिशा फळी देते.

आता खालचा डावा कप्पा भोकापासून टोकापर्यंत उभा कापा. पडद्यांच्या कडांपासून भिंतीपर्यंत पांढरे चिवट दोरे ताणलेले दिसतील. गरीच्या दोऱ्याएवढे बारीक, पण बोटाने ओढा, तुटत नाहीत. मुलांना वाटतं की हे दोरे ओढून झडप उघडतात. तसं नाही. वादळी पावसात आपली छत्री उलटी होते ना, तसा पडदा दाबाने वर उलटू नये म्हणून हे दोरे. उजवीकडेही तसेच आहेत. बाकी उजवी बाजू झरझर बघून घ्या. वरच्या मोठ्या शिरेतून हीर घाला, ती वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरते. दुसरी हीर खालच्या कप्प्यातून फुप्फुसधमनीत सरकवा, ती वर बाहेर येते. वाट समजली.

एका जागी मात्र रेंगाळा. महाधमनी उभी चिरून उघडा. तीन चंद्रकोरीसारख्या झडपा दिसतील आणि त्यांच्या लगेच वर दोन बारीक छिद्रं. त्यात हीर घाला, ती हृदयाच्या भिंतीवरून चालत जाते. मघाशी पाणी हळूहळू उतरत होतं ते इथून. या हृदयाच्या स्वतःच्या धमन्या. पाच लिटर रक्त आतून वाहत असलं तरी या जाड स्नायूला त्यातून थेट काही मिळत नाही, त्याचा वाटा या दोन छिद्रांतून येतो. तोही, डाव्या बाजूला तरी, बहुतेक सगळा तो सैल पडलेला असतानाच, कारण आवळलेला स्नायू स्वतःच्याच नळ्या चिमटतो. बाबांची अँजिओग्राफी झाली, म्हणजे या धमन्यांत औषध सोडून क्ष-किरणांनी त्या पाहिल्या, तेव्हा पडद्यावर हीच वाट काळी होताना मी पाहिली. एका ठिकाणी ती हिरीपेक्षाही बारीक झाली होती.

मटणाचं काम संपलं. उरलेलं आमच्या मांजराला जातं. हातमोजे घातले असले तरी हात साबणाने धुवा.

आता अंगणात या. दोन बालद्या, दोन मुलं आणि दोन लहान कप. कपात सत्तर मिलिलिटरची खूण करा, शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण तेवढंच रक्त बाहेर टाकतं. पहिली बालदी म्हणजे शरीर, दुसरी म्हणजे फुप्फुसं. पहिलीत पाच लिटर पाणी भरा, दुसरीत अर्धा लिटर. एक मूल पहिलीतून दुसरीत ओतेल, ते उजवं हृदय. दुसरं मूल दुसरीतून पहिलीत, ते डावं. तुम्ही घड्याळ घेऊन मिनिटाला बहात्तर टाळ्या वाजवा. गुणाकार मुलांना करू द्या: मिनिटाला पाच लिटर. अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच, म्हणजे अख्खा साठा मिनिटभरात फिरतो. तिसाव्या टाळीला मुलं हसायची थांबतात, पन्नासाव्याला खांदा दुखतो. दिवसाला एक लाखाच्या वर टाळ्या होतात हे मग सांगा.

पण खरी गंमत पुढे आहे. डाव्या मुलाला सांगा, दर तिसरी टाळी चुकव. उजवं मूल प्रामाणिकपणे ओततच राहतं. फुप्फुसांची बालदी चढत जाते. लहान बालदी घेतली असेल तर ती सांडतेही, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सांडली होती. डावी बाजू थकलेल्या माणसाला आडवं झालं की धाप का लागते आणि तो रात्री तीन उशा का मागतो, ते इथे दिसतं. त्याच्या फुप्फुसांत रक्त तुंबून पाणी झिरपलेलं असतं. आता उलट करा, उजव्याला टाळ्या चुकवायला लावा. पाणी शरीराच्या बालदीत साचतं. माणसात ते पावलांच्या सुजेत दिसतं.

मग एखादं हुशार मूल विचारतं, दोघांचा मेळ रोज कोण जमवतो? टाळ्या वाजवणारं कुणी नसतं. उत्तर स्नायूत आहे. कप्पा जितका जास्त भरतो तितका स्नायू ताणला जातो, आणि ताणला तितका जोराने आवळतो. बालदी चढली की मुलाने आपोआप मोठा कप घ्यावा, तसं. जर्मनीच्या फ्रँकने हे बेडकाच्या हृदयात पाहिलं, इंग्लंडच्या स्टार्लिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीट मांडलं.

शिरांतल्या मानशी बघायला कापाकापी नको. शिरा उठून दिसणारा हात शोधा. आमच्या वर्गात फुटबॉल खेळणारी पोरं असतात, घरी मामाचा चालेल. दंडाला रुमाल बांधा, मनगटावरची नाडी लागत राहील इतपतच घट्ट. मूठ उघडा-मिटा. कोपराखालच्या शिरा फुगतील आणि मध्येमध्ये गाठी दिसतील. गाठ म्हणजे झडप. शिरेवर हाताच्या पंजाकडच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे लोटत पुढच्या गाठीपलीकडे न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर रिकामीच राहते, वरचं रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचला, झर्रकन भरते. विल्यम हार्वेने 1628 साली हेच दाखवून रक्त गोल फिरतं हे पटवलं. धमनीतून शिरेत ते जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नाही. त्या केशवाहिन्या माल्पिघीने 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रुमाल दोनेक मिनिटांत सोडा, मामा कितीही ‘असू दे’ म्हणाला तरी.

शेवटी ऐकणं. गेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान फाडा, आडवं गुंडाळून वीतभर लांब नळी करा, दोन अंगठे मावतील इतकी रुंद. एक टोक मुलाच्या छातीवर, डाव्या स्तनाग्राच्या किंचित खाली, दुसऱ्या टोकाला तुमचा कान. पॅरिसच्या लेनेकने 1816 मध्ये कागदाची अशीच सुरळी एका तरुण बाईच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. पंखा बंद करा. लब-डब लागेल. लब म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या, डब म्हणजे दोन्ही मोठ्या धमन्यांच्या तोंडाच्या मिटल्या. मुलाला अंगणाला पाच फेऱ्या मारायला लावा आणि परत ऐका. ठोके जवळ येतात, पण जास्त घट ‘डब’नंतरच्या शांततेत होते. म्हणजे सैल पडायचा वेळ कापला जातो, मघाशी हिरीने पाहिलेल्या छिद्रांतून रक्त यायचा वेळ.

मानशीची फळी कुजली तर आजोबांना ते रात्री बांधावर उभं राहून कळायचं, भरतीच्या वेळी पाणी फटीतून फसफसत आत यायचं. गळक्या झडपेचाही असाच आवाज डॉक्टर ऐकतात. तुम्हाला सुरळीतून लब आणि डबच्या मध्ये काही फुसफुसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, निरोगी मुलांतही तो आवाज पुष्कळदा असतो. पण कागदाच्या नळीवरून निदानही करू नका, डॉक्टरकडे जाल तेव्हा तेवढं सांगा. आणि पान कॅलेंडरचंच घ्या. वर्तमानपत्राची सुरळी केली तर आपल्याच बोटांची कुरकुर ऐकू येते.