गावच्या घराची आवराआवर: या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्या आहेत

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या अंगणात दरवर्षी एकच देखावा असायचा. माळ्यावरच्या पेट्या, कोठ्या, पिंपं, गाठोडी, सगळं खाली उतरवून अंगणभर मांडलेलं. तेवढ्यात शेतातून फोन यायचा: थ्रेशर आलं, चला. सोयाबीन थांबत नाही आणि थ्रेशरवाला तर अजिबातच थांबत नाही. रात्री दमून परत आलं की जे उतरवलं तेच पुन्हा वर. नवीन एवढंच, की गाठोड्यांवरची धूळ एकदा झटकली गेली.

मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातली. घरची कपाशी, सोयाबीन, तूर, त्यावर अंगणवाडीचं काम, आणि चार खोल्यांचं जुनं घर. ‘वेळ काढा’ असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून मीही ते सांगणार नाही. कुठे चुकलो ते सांगते.

मुहूर्तच चुकतो

दिवाळीला घर सारवा, रंगवा, जाळ्या काढा. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवायला ते दिवस सगळ्यांत वाईट. सोयाबीन निघत असतं, पहिली वेचणी तोंडावर असते, आणि दमलेला माणूस एक तर सगळं ठेवतो नाही तर रागानं सगळं फेकतो.

त्यापेक्षा कामाची विभागणी हवामानावर करा. श्रावण-भादव्यात झड लागली की दोन-दोन दिवस वावरात पाय ठेवता येत नाही. ते दिवस कागद, फोटो, भांडी, चावी-कुलपांचे डबे यांचे. कपडे मात्र तेव्हा काढू नका, दमट हवेत उघडलेली गाठोडी पुन्हा बांधली की महिनाभरात बुरशीचा वास येतो. कपडे, गाद्या, धान्याच्या कोठ्या हे फाल्गुन-चैत्राच्या उन्हाचं काम. आणि टिनाखालच्या माळ्यावर मे महिन्यात चढायचंच असेल तर सकाळी आठच्या आत खाली या. आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, वर टीन म्हणजे तवा.

रोजच्या धबडग्यात माझं एकच माप चालतं: चुलीवर आंघोळीचं पाणी तापेस्तोवर. तेवढ्यात एक डबा किंवा एक कोनाडा. पाणी तापलं की थांबायचं, अर्धा राहिला तरी. दुसरा डबा उघडायचा मोह झाला की समजा, आज स्वयंपाकाला उशीर.

हे सगळं दसऱ्याच्या आत एका खोलीपुरतं तरी उरका, कारण त्यानंतर कापूस घरात येतो. भाव वाढेल या आशेनं तो कधी कधी होळीपर्यंत मुक्काम करतो. खोली अडगळीनं भरलेली असली की कापूस झोपायच्या खोलीत जातो, आणि मग लेकरांच्या अंगाला जी खाज सुटते ती ज्यांच्या घरी झाली त्यांनाच कळते. चुलीजवळ कापूस ठेवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

‘वर्षभर वापरलं नाही, फेका’

हा नियम शहरातल्या फ्लॅटसाठी ठीक असेल. शेतीच्या घरात ‘कामी येईल’ हे नुसतं निमित्त नसतं, ते बऱ्याचदा खरंच कामी येतं. ताडपत्री एखाद्या वर्षी लागत नाही, पण अवकाळी आला की त्याच एका तासात तिची किंमत वसूल होते. लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं गंज (पातेलं) तीन वर्षांनी एकदा निघतं, आणि त्या दिवशी गावात दुसरं मिळत नाही.

म्हणून मी दोन प्रश्न विचारते. ही वस्तू आज कामी येईल अशा स्थितीत आहे का? आणि अशा किती आहेत? फाटकी ताडपत्री कामी येत नाही, चार ठिकाणी फाटकी तर नाहीच. आमच्याकडे चार टॉर्च निघाले, एकही पेटत नव्हता. खताच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग मोजला तर एकशे बारा. हंगामाला लागतात चाळीस. बाकीच्या बहात्तरांखाली उंदरांचा संसार होता, आणि उंदीर जिथे तिथे मागोमाग साप. तेव्हा पोती मोजून ठेवा, जमिनीपासून वर ठेवा, उरलेली विका.

दुसऱ्याची वस्तू आपण ठरवून काढणं

ही माझी सगळ्यांत मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी बैलजोडी विकली. पेरणी ट्रॅक्टरनं व्हायला लागली. कोठ्यात (गोठ्यात) तिफन म्हणजे पेरणीचं अवजार, वखर, डवरे, जू तसेच पडून होते, उधई (वाळवी) लागलेले. भंगारवाला आला, मी लोखंड काढून दिलं, लाकूड बंबाखाली घातलं. घरात सगळ्यांना वाटत होतं की मायला (सासूबाईंना आम्ही मायच म्हणतो) वाईट वाटेल ते सासऱ्यांच्या धोतराचं, टोपीचं. ती पेटी म्हणून मी हातही न लावता ठेवली होती. मोठं समजूतदारपणाचं काम केल्यासारखी.

चार दिवसांनी माय कोठ्यात गेल्या आणि विचारलं, “सरता कुठी हाय वो?”

मी म्हटलं, मामाजींचं सगळं सामान भंगारात दिलं, लाकडाचं जाळलं.

“तुले कोनं सांगतलं तो त्याइचा हाय म्हून? तो माहा होता.”

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: सरता म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर लाकडाचं वाटीसारखं चाडं. तिफनीमागे दोरानं बांधलेला असतो. तिफन पुरुष हाकतो, मागून बाई सरता धरून चालते आणि मुठीतून तुरीचं बी सोडते. बी सारखं पडलं पाहिजे, मूठ ना घट्ट ना सैल. माय लग्न होऊन आल्या त्या मृगापासून तो सरता त्यांच्याच हातात होता. चाड्याची कड एका बाजूनं गुळगुळीत झालेली होती. ती मी पाहिली होती जाळताना, आणि मनात आलं होतं की लाकूड चांगलं सुकलेलं आहे.

धोतर-टोपीची पेटी त्यांनी पुढच्याच महिन्यात स्वतःच उघडली आणि अर्धं वाटून टाकलं. सरत्याबद्दल माझ्याशी पाच-सहा दिवस बोलल्या नाहीत.

तर कुणाचा जीव कशात गुंतलाय हे बाहेरून ओळखता येत नाही. विचारावं लागतं, आणि ‘हे ठेवायचं की फेकायचं?’ असं विचारलं तर उत्तर ‘ठेव’ असंच येतं. ‘हे कुणाचं? कुठून आलं?’ असं विचारा. गोष्ट सांगून झाली की बऱ्याचदा माणूस स्वतःच म्हणतो, बरं, देऊन टाक. मोठी वस्तू जात असेल तर तिचा हातात मावणारा भाग ठेवता येतो: बंडी (बैलगाडी) गेली तरी बैलांची घागरमाळ राहते, तिफन गेली तरी चाडं राहू शकलं असतं. आणि सुरुवात नेहमी स्वतःच्या सामानापासून करा. माझ्या बी.ए.च्या वह्या मी माळ्यावरून काढल्या तेव्हाच घरातल्यांनी माझं ऐकायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाचं सामान शेवटी, आणि घरातलं सगळ्यांत जवळचं माणूस तयार असेल तेव्हा.

कागद जाळणं

‘जुने कागद काय करायचे’ म्हणून पेटवून दिलेली पेटी हे पुढच्या पिढीचं नुकसान असतं. जातपडताळणीला आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो: इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. म्हणजे पणजोबांचा चौथीचा मळका दाखला, कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, अधिकार अभिलेखाचा (जमिनीच्या जुन्या नोंदीचा) उतारा, यांची किंमत घरातल्या पितळेपेक्षा जास्त. पोरगी बारावी होऊन फॉर्म भरायला बसली की ते कळतं.

काय काढून टाकता येईल? अलीकडच्या 7/12 च्या नकलांचे ढीग, वीजबिलं, बी-बियाण्यांच्या पाकिटांच्या पावत्या (या हंगाम संपून बियाण्याची तक्रार उरली नाही की). ताजा डिजिटल सहीचा 7/12 ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. खरेदीखताची नक्कल निबंधक कार्यालयातून मिळू शकते. पण भावाभावांत आपसांत झालेला वाटणीचा कागद नोंदवलेला नसेल तर तो फक्त तुमच्याच पेटीत असतो. जुनं बँक पासबुकही फेकू नका. 10 वर्षं हात न लागलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांना बँकेकडून ती नंतरही मागता येते. मागायला खातं कुठे होतं हे तर कळलं पाहिजे.

आणि प्रत्येक साडीची घडी, प्रत्येक डब्याचं तळ तपासा. घरातल्या बाया पैसे कुठे ठेवतात हे बायांनाच माहीत. 2016 मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आता घरोघरी अशाच निघतात. त्या बदलून मिळत नाहीत, आणि दहापेक्षा जास्त बाळगणं 2017 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आठवण म्हणून एखादी ठेवा, गठ्ठा नको.

कागदांची पेटी भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर ठेवा. उधई जमिनीतून आणि भिंतीतून येते. मोबाइलवर फोटो काढून ठेवाच, पण पडताळणीला मूळ कागद मागतात.

भावना नको तिथे

फवारणीचे रिकामे डबे. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. झाकण घट्ट बसतं म्हणून त्यात रॉकेल, डिझेल, कधी तर पाणीसुद्धा भरलेलं मी पाहिलंय. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. ती फवारताना झालेली बाधा होती, पण डब्याच्या तळाशी राहतं ते औषध तेच. डबा तीनदा खळबळा, ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही, आणि वस्ती-विहिरीपासून दूर पुरा. जाळू नका. अर्धवट उरलेल्या, लेबल निघालेल्या बाटल्या ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून देवळीत ठेवू नका.

तसंच टायर, फुटके माठ, गळके पिंप. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या टायरमध्ये महिनोन्महिने जगतात, पहिला पाऊस पडला की फुटतात. आणि फुगलेल्या बॅटरीचे मोबाइल टिनाच्या घरात उन्हाळाभर ठेवू नका. त्यात गेलेल्या माणसाचे फोटो असतील तर आधी दुकानात काढून घ्या. बॅटरी चालू असतानाच हे सुचलं तर स्वस्तात पडतं.

आहेर आणि गोधडी

आहेराच्या साड्या, ब्लाउजपीस, टोप्या-दुपट्टे फिरत राहतात आणि राहू द्यावेत. फक्त स्टीलची भांडी पुढे देताना काठावर घातलेलं नाव वाचा. आमच्या शेजारच्या घरात एका वहिनींना स्वतःच्याच लग्नातला डबा बारा वर्षांनी परत आहेरात मिळाला. त्यांनी तो नाव दाखवून घेतला.

‘गोधडी शिवू’ म्हणून साठवलेली लुगडी मोजा. एका गोधडीला चार-पाच लुगडी पुरतात, आमच्याकडे एकवीस होती आणि शिवणारं कुणीच नव्हतं. गावातल्या एका मावशींना मजुरी ठरवून तीन शिवून घेतल्या, बाकीची वाटली. ठरलेली मजुरी आणि ठरलेला दिवस नसेल तर ते गोधडीचं सामान नाही, गाठोडं आहे.

अडलं तर

अर्ध्यात काम सोडावं लागलं: अंगणातलं सामान परत ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं माळ्यावर नेऊ नका. काढायचं म्हणून वेगळं केलेलं आधी घराबाहेर, कोठ्यात का होईना, हलवा. घरात राहिलं की रात्रीतून ते पुन्हा ‘चांगलं’ होतं.

भंगारवाल्यानं फसवलं असं वाटतंय: पितळ, तांबं, कासं वेगळं करून घरीच धान्याच्या काट्यावर तोला, मग बोलवा. दोघांना भाव विचारा. जुना पितळी गुंड वजनावर देण्याआधी कल्हई करून वापरता येतो का ते बघा.

घरात भांडण झालं: त्या दिवसापुरतं थांबा. आमच्याकडे एक ‘थांब’ पेटी आहे. ज्यावर एकमत नाही ते तिच्यात, झाकणावर खडूनं तारीख, पुढच्या पोळ्यापर्यंत हात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, पहाटे पळसाच्या मेढ्या (फांद्या) शिवेबाहेर टाकत पोरं ओरडतात, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत.” घरी येऊन त्याच सकाळी पेटी उघडायची असं आम्ही ठरवलंय.

गेल्या पोळ्याला उघडली तेव्हा वरच बैलांची झूल होती, एका बाजूनं उंदरानं कुरतडलेली. मायनी ती मांडीवर पसरली, आरसे मोजले, सहा शाबूत होते. मग कात्री मागितली आणि धाकट्याच्या लाकडी बैलाच्या मापाचा तुकडा कापला, कारण तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा, त्याच दिवशी होता. उरलेलं कापड पुन्हा पेटीत गेलं. मी काही बोलले नाही, खडू आणून तारीख बदलली.