आकड्यांची जपानी गाणी: कराओकेत आणि प्लेलिस्टमध्ये या चुका टाळा

जपानी शिकायला लागून चार महिने झाले की विद्यार्थ्यांना कराओकेचे वेध लागतात. मग शीर्षकात आकडा असलेलं गाणं आधी निवडलं जातं. कांजी, म्हणजे चिनी वळणाची जपानी चित्राक्षरं, वाचता आली नाही तरी ३ आणि ९ जगभर सारखेच, असा हिशोब. हा हिशोबच चुकीचा आहे. जपानी शीर्षकातला आकडा हा शब्द असतो आणि तो कसा उच्चारायचा हे आकड्याकडे बघून कळत नाही. दर वर्षी नवी तुकडी येते आणि त्याच चुका करते, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक तारखेची. रेमिओरोमेन या तिघांच्या बँडचं २००४ सालचं गाणं आहे. शीर्षकात फक्त तारीख, ९ मार्च. त्याचं वाचन ‘सांगात्सु कोकोनोका’. मी जपानमध्ये नोकरीला होते तेव्हा मार्चअखेरीस आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ बाईंची बदली झाली. मला कामाची जपानी त्यांनीच शिकवली होती. जेवणानंतर सगळे कराओके बॉक्समध्ये, म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या गाण्याच्या खोलीत गेलो आणि त्यांनी मला हेच गाणं म्हणायला सांगितलं. सूर, शब्द सगळं पाठ होतं. नवाला ‘क्यू’ किंवा ‘कु’ आणि दिवसाला ‘निची’ म्हणतात, म्हणून सर्चमध्ये हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी अक्षरांत टाइप केलं, ‘सांगात्सु क्यूनिची’. काही नाही. ‘सांगात्सु कुनिची’. काही नाही. बाजूच्या मुलाने तोवर आपलं गाणं लावलं, मग दुसऱ्याने. मी कोपऱ्यात बसून वेगवेगळी स्पेलिंगं करून बघत होते. भिंतीवरचा फोन वाजला, दहा मिनिटं उरली म्हणून. बाईंना शेवटची ट्रेन गाठायची होती, त्या उठल्या. गाणं राहिलंच. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने पिवळ्या चिठ्ठीवर हिरागानात ‘कोकोनोका’ लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवलं. ती चिठ्ठी अजून माझ्या गाण्यांच्या वहीत आहे.

महिन्यातल्या पहिल्या दहा तारखांना जपानीत स्वतंत्र नावं आहेत: त्सुइताची, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. वीस तारीख हात्सुका. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. भाऊबीजेतल्या ‘बीज’मध्ये दोन कुठे ऐकू येतो? तरी ती दुसरीच तिथी असते.

माझी सवय सांगते. जिथे शंका आहे त्याच्या आधी थांबायचं. फक्त ‘सांगात्सु’ टाइप करायचं आणि यादीतून गाणं उचलायचं. त्या रात्री पूर्ण शीर्षक लिहिण्याचा हट्ट केला नसता तर गाणं दहा सेकंदात सापडलं असतं. तेही जमलं नाही तर गायकाच्या नावाने शोधा.

अपूर्णांकाला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सुरुवातच चुकते. सियाम शेड बँडचं १९९७ चं गाजलेलं गाणं १/३ ने सुरू होतं आणि मुलं बेधडक ‘इची’ टाइप करतात. जपानीत आधी छेद, मग अंश: ‘सान्बुन नो इची’. शब्दशः, तीन भागांतला एक. मराठीत मनातल्या मनात ‘तीन भागांतला एक’ म्हणा, क्रम आपोआप जुळतो. कावामोतो माकोतोचं त्याच वर्षीचं १/२ तसंच, ‘निबुन नो इची’. दोन्ही ‘रुरोऽनी केनशिन’ या ॲनिमेमुळे आपल्याकडच्या मुलांना माहीत असतात, त्यामुळे ही चूक मला आठवड्यातून एकदा तरी दिसते.

वय: २२ असेल तर ‘निज्यूनी साई’, २० असेल तर ‘हाताची’. पाठ करा.

आता मोठ्या संख्या. गायक गो हिरोमीचं १९८४ चं गाणं, ‘नि ओकु योनसेन मान नो हितोमी’. एका कार्यक्रमात निवेदकाने माईकवरून सांगितलं, ‘दोन कोटी चाळीस लाख डोळे’. ओकु म्हणजे कोटी असं धरून चालल्यामुळे एक शून्य हरवलं आणि गाण्याचा अर्थही हरवला. मान म्हणजे दहा हजार आणि ओकु म्हणजे दहा कोटी. दोन ओकु झाले वीस कोटी, चार हजार मान झाले चार कोटी, एकूण चोवीस कोटी. त्या वेळी जपानची लोकसंख्या होती बारा कोटींच्या आसपास. प्रत्येकाचे दोन डोळे धरले तर हे अख्ख्या देशाचे डोळे आहेत! उपशीर्षकातलं ‘एक्झॉटिक जपान’ हे तिथल्या तेव्हाच्या सरकारी रेल्वेच्या जाहिरात मोहिमेतलं. मी अशी संख्या वहीत लिहिताना स्वल्पविराम मागून चार-चार घरांवर देते: २,४०००,००००. आपल्या पद्धतीने दिला की घोटाळा ठरलेला.

आकड्यामागे मोजणीचा शब्द आला की उच्चार बदलतो. एक हजार झाडं ‘सेनबोन’, म्हणून संगीतकार कुरोउसापीने हात्सुने मिकू या संगणकीय आवाजासाठी केलेलं २०११ चं गाणं ‘सेनबोनझाकुरा’. सगळ्या नवख्यांना हेच आधी म्हणायचं असतं आणि रोमन लिपीतले बोल छापून आणून ते त्यामागे धावतात. रोमन बोलांचा मला मनापासून राग आहे. त्यातून जीभ पळायला शिकते, कान काहीच शिकत नाही. त्याऐवजी सुइझेन्जी कियोको यांचं १९६८ चं ३६५ पावलांचं संचलन गीत घ्या. शीर्षकात ‘साम्ब्याकु रोकुज्यू गो हो’, आणि आत एक पाऊल ‘इप्पो’, तीन पावलं ‘साम्पो’, दोन ‘निहो’. एकाच गाण्यात पाऊल तीन तऱ्हांनी येतं, तेही चालायच्या लयीत. महिनाभर हे म्हणा, मग मिकूकडे वळा.

काही आकडे मोजायचे नसतातच. स्पिट्झ बँडचं ८८२३ हे ‘हायाबुसा’ असं वाचतात, म्हणजे बहिरी ससाणा: आठचा हा, आठचा या, दोनचा बु, तीनचा सा. अशा शीर्षकांना नियम लावत बसू नका, विचारा आणि लिहून ठेवा.

प्लेलिस्ट नावाप्रमाणे लावली की १ च्या मागे १०० येतं, मग १७, मग २. कांजीत लिहिलेली संख्या भलतीकडेच जाते. मी क्रम हाताने लावते.

प्रवासाच्या प्लेलिस्टमध्ये कार्यूदोचं १९७७ चं ‘आझुसा निगो’, म्हणजे ‘आझुसा’ गाडी नंबर २, जरूर घ्या, पण टोकियोतल्या शिंजुकूहून मात्सुमोतोला जाताना त्या नंबरची गाडी शोधू नका. १९७८ च्या ऑक्टोबरात जाणाऱ्या गाड्यांना विषम आणि टोकियोकडे येणाऱ्यांना सम क्रमांक दिले गेले, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या गाड्यांतून २ नंबर गेला.

आणि जपानी मित्राच्या लग्नात ‘निज्यूनी साई नो वाकारे’ म्हणू नका, चाल कितीही आवडत असली तरी. ‘वाकारे’ म्हणजे ताटातूट, आणि लग्नात हा शब्द तिथे अशुभ मानतात. तिथे ९ मार्चचंच गाणं म्हणा. शाळांच्या निरोप समारंभात गायलं जात असलं तरी ते मुळात बँडच्या मित्राच्या लग्नासाठी केलेलं आहे. फक्त ‘सांगात्सु’ टाइप करा आणि थांबा.